दोर, घंटा आणि मालूकाकीचे लाडू

तीर्थरूप मारुतीआप्पांस,

सूरजचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण सध्या पाठ अशी धरली आहे की गुडघ्यांपर्यंतच वाकता येतं. उरलेला तिथूनच मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मालूकाकीचं पित्त उतरलं का? तांबडी म्हैस व्याली असेल तर रेडी झाली की रेडा, तेवढं कळवा. इकडे मी खुशाल आहे. आयर्लंडात सध्या कडक उन्हाळा आहे असं इथले लोक म्हणतात. मी स्वेटर घालून ऐकून घेतो.

पत्र मुद्दाम लिहितोय. फोन केला की काकी स्पीकर लावते आणि माझी खुशाली निम्म्या गल्लीत पोचते. ही गोष्ट फक्त तुमच्यासाठी आहे, कारण उचगावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स तुम्ही लावलाय. विक्रमदादाने फोटो पाठवला. 'उचगावचा ढाण्या वाघ! आयर्लंड रस्सीखेच संघाचा कर्णधार!' आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी भाऊबंदकी, अगदी बांधावरून आपल्याशी बोलत नाहीत ते सुद्धा. आप्पा, मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की इथल्या गावच्या टीममध्ये मला घेतलंय. अख्खा देश, कप्तानी आणि तो काळा गॉगल हे सगळं तुमच्या पदरचं. मी जन्मात गॉगल घातलेला नाही.

आता मला कसं घेतलं ते ऐका, आणि काकीला वाचून दाखवताना हा भाग गाळा. इथे रस्सीखेच म्हणजे आपल्यासारखं ज्याच्या हाताला लागेल त्याने दोर धरायचा असं नसतं. दोन्हीकडे मोजून आठ-आठ गडी, आणि आठांचं मिळून वजन ठरलेल्या मर्यादेच्या आत पाहिजे. स्पर्धेआधी सगळ्यांना काट्यावर उभं करतात, उसाच्या ट्रॉलीसारखं. आमच्या टीममधले सात जण म्हणजे खिलारी बैल आहेत. आठवा गडी लग्नानंतर फुगला आणि काटा मर्यादेच्या पुढे गेला. तेव्हा सात बैलांच्या जोडीला एक हलकं पाडस पाहिजे होतं. मी दूध पावडरच्या कारखान्यातलं काम संपवून सायकलवरून चाललो होतो. टीमचा म्हातारा वस्ताद डॉनल (इथे त्याला कोच म्हणतात) फाटकात उभा होता. त्याने मला आडवं येत वजन विचारलं. ताकद विचारली नाही. वजन ऐकल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. ढाण्या वाघाची निवड ही अशी झाली.

पण आप्पा, खरं सांगतो, मला आनंद झाला. इथे आल्यापासून मी कारखान्यातल्या टाक्यांशीच बोलत होतो. भाड्याच्या खोलीवर जाऊन पुन्हा भिंतीशी. टीममध्ये गेल्यापासून गावात कुणीतरी ट्रॅक्टरवरून हात करतं, नावाने हाक मारतं (सुराज म्हणतात, पण मारतात). ही टीम सुटली तर मी परत टाक्यांकडे. म्हणून जीव तोडून ओढत होतो.

अडचण आली ती तुमच्या शिकवणीची. आपल्या लक्ष्मीच्या रथाचा दोर तुम्ही माझ्या हातात दिलात तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. दोर म्हणजे देवीचा, हे तेव्हापासून अंगात भिनलंय. पहिल्याच दिवशी मी बूट काढून ठेवले, वाकून दोराला हात लावला आणि छातीला लावला. डॉनलला वाटलं मी दोराचा वास घेतोय. मग कीरन, टीममधला सगळ्यात आडदांड गडी, सरळ दोर ओलांडून पलीकडे गेला. माझ्या तोंडून 'अगागागा' निघालं. तो बिचारा थबकला आणि खाली साप आहे का बघायला लागला. (आयर्लंडात साप नाहीत. हे मला नंतर कळलं, त्याला आधीपासून माहीत होतं.)

इथवर ठीक होतं. पण परवा शेजारगावच्या टीमशी सामना झाला. शेजारगाव ते शेजारगावच, तिथलं काय आणि इथलं काय. हरलो तर वर्षभर दुकानात दूध आणायला जायची सोय नाही. चर्चमागच्या कुरणात अख्खं गाव जमलं होतं. पहिली ओढ आम्ही मारली. दुसरीत दोर इंच इंच आमच्याकडे सरकत होता, कीरन मागून बैलासारखा घुमत होता, माझे दोन्ही पाय चिखलात पोटरीपर्यंत रुतलेले. आणि त्याच घडीला चर्चची सहाची, प्रार्थनेची घंटा वाजली.

तुम्ही काय शिकवलंत आप्पा? 'घंटा झाली की दोर सोड रं, हात जोड. न्हायतर चाकाखाली जाशील!' रथ थांबवायची घंटा झाल्यावरही जो ओढत राहील त्याच्या पाठीत तुमचा रट्टा बसायचा. माझ्या डोक्याने काही विचार केलाच नाही, पाठीनेच केला. मी दोर सोडला, हात जोडले, डोळे मिटले. माझ्यामागचा गडी माझ्यावर, त्याच्यामागचा त्याच्यावर, आणि शेवटी कीरन सगळ्यांवर. डोळे उघडले तेव्हा मी चिखलात पालथा होतो. हात मात्र अजून जोडलेलेच. मला वाटलं, संपलं. टाक्यांनो, आलो.

मग डॉनल आला. त्याची टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. म्हणाला, 'माझी आई शेतात गवत गोळा करताना ही घंटा झाली की हातातलं टाकून अशीच हात जोडून उभी राहायची. ती गेल्यापासून या घंटेला हातातलं टाकून उभा राहिलेला माणूस मी आज पहिल्यांदा बघितला.' मी नुसता रडलो. (चिखलामुळे कुणाला दिसलं नाही.) तिसऱ्या ओढीआधी कीरन खाली वाकला, दोराला हात लावून छातीला लावला, आणि बाकीच्या साऱ्यांनी तेच केलं. तरी हरलो. पण आता पुढचा सामना घंटेच्या आधी संपेल असा ठेवा, असं डॉनलने शेजारगावाला कळवलंय.

काकीला नमस्कार. लाडवांचा डबा पोचला.

तुमचा,
सूरज

ता. क. खरं काम राहिलंच. यंदाच्या यात्रेत रथाचा दोर ओढायला हे सातही जण आणि डॉनल माझ्याबरोबर आपल्याकडे येताहेत. तिकिटं काढून झाली, मला नंतर सांगितलं. गोव्यात उतरून कणकुंबीमार्गे येतील. मुक्काम तुमच्याच घरी, जमिनीवर झोपतील (खाटा लपवा, मोडतील). पण त्याआधी तो फ्लेक्स तेवढा उतरवा. खऱ्या कप्तानाला, म्हणजे कीरनला, काय तोंड दाखवू?

ता. क. २. पाकीट बंद करून पुन्हा उघडलं. आज वजन झालं. काकीचे लाडू मी एकट्याने संपवले होते, आणि टीम मर्यादेच्या वर गेली ती माझ्यामुळेच. हलका म्हणून घेतलेला मीच जड झालो, म्हणून टीम सोडायची ठरवून मी आपणहून बूट काढून ठेवले. डॉनलने ते परत माझ्या हातात दिले आणि बाकीच्यांना म्हणाला, 'सुराज राहणार. तुम्ही सातजण थोडं थोडं उतरा.' कीरनने आजपासून बिअर सोडली आहे. तेव्हा पाहुणे आल्यावर काकीने कुणालाही आग्रह करू नये, ही हात जोडून विनंती. मला वाढलं तर चालेल.