गच्चीचा नियम

अण्णा,

इतकी वर्षं सेक्रेटरी या नात्याने माझ्याकडे असलेली सोसायटीच्या सभांची जुनी वही आज नव्या सेक्रेटरींना द्यायची म्हणून उघडली आणि तिच्यात माझं खोटं माझ्याच अक्षरात, तारखेसकट सापडलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आई गेल्यावर मी तुम्हाला सांडोरच्या वाडीतून बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये आणलं. विचारून नाही, कळवून. तीस वर्षं मुंबईत सरकारी कारकुनी केल्यावर कुठे राहायचं हे तुमचं केव्हाच ठरलेलं होतं. "मला त्या दोन खोल्या आणि विहीर पुरे," म्हणायचात. मी म्हटलं, "लोक म्हणतील, मुलीने बापाला एकटं टाकलं." तुम्ही आलात. येताना राजेळी केळ्यांचा पिकलेला घड घेऊन आलात आणि दुसऱ्या दिवशी ती सोलून गच्चीत चटईवर सुकेळी वाळत घातलीत. मलमल टाकून, उन्हाबरोबर चटई सरकवत दिवसभर तिथेच बसलात. चौथ्या दिवशी, केळी काळपट होऊन आक्रसल्यावर, समोरच्या वहिनी जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुमचे वडील उंदीर वाळवतायत की काय!" सगळे हसले. मीही हसले, आणि वर येऊन तुम्हाला सांगितलं, "अण्णा, गच्ची बंद ठेवायची असते. सोसायटीचा नियम आहे."

तुम्ही चटई गुंडाळलीत. मग दाराशी उभे राहून म्हणालात, "बाय, गच्ची असली तर मी इथे राहीन. नसली तर मला माझ्या वाडीत सोड." मी पोळ्या लाटत होते, मान वर केली नाही. "नियम म्हणजे नियम," म्हटलं, "आणि वाडीचा विषय पुन्हा काढू नका." तुम्ही खरंच पुन्हा काढला नाहीत. उभा जन्म सरकारी परिपत्रकं पाळलेला माणूस. नियम म्हटल्यावर तुमचं बोलणंच संपलं.

असा नियम तेव्हा नव्हता. वहीत ठराव आहे तो त्यानंतर सव्वा महिन्याने झालेल्या सभेतला. गच्चीला कुलूप लावावे, सूचक मी. माझा शब्द खोटा ठरू नये म्हणून मी तो खरा करून घेतला. तोवर तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत, तासभर ऊन येतं तिथे, ताटलीत चार केळी मांडायला लागला होतात. त्यांना बुरा आला. मी ती फेकताना तुम्ही एवढंच म्हणालात, "ऊन कमी पडलं." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, याच घरात.

यंदा मीही निवृत्त झाले. मुलगा नायगावला राहतो. परवा आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "आई, तुला कुठे राहायचंय? माझ्याकडे, इथे, की आणखी कुठे?" एवढं साधं विचारता येतं, हे मला साठीत कळलं. माझ्या तोंडून निघालं, "सांडोरला." तो म्हणाला, "बरं, मग विहिरीवरचा पंप दुरुस्त करून घेऊ." झालं. तुम्हाला जे दिलं नाही ते मी एका वाक्यात घेतलं, आणि घेताना लाजलेही नाही. लाज आज वाटली, वही उघडल्यावर.

संध्याकाळी नव्या सेक्रेटरींच्या हाती दिलं ते असं: सोसायटीचा शिक्का, सभासदांची यादी, पंपाची चावी, गच्चीची चावी, सभांच्या वह्या तीन. पानं सगळी जागेवर आहेत. एक फाडायला हात गेला होता, अण्णा.