पेंग्विनने गिळलेल्या गाई

संगमनेर,
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६, महाशिवरात्र

प्रिय शमशेर यास,

वैजनाथचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही. त्यातला हवा तो ठेवून घे, दुसरा परत पाठवलास तरी चालेल.

इकडे सगळे बरे आहोत. शैलाच्या गुडघ्यांनी जिना सोडलाय, बाकी तब्येत ठणठणीत. आज उपास आहे. सकाळपासून दोनदा खिचडी आणि एकदा वऱ्याचे तांदूळ खाऊन झाले, त्यामुळे अंगात बऱ्यापैकी पुण्य साठलंय. साडेचार महिन्यांनी तुला पत्र लिहायची हिंमत त्यातूनच आली असावी. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू ‘बोल वैजू’ म्हणाला असतास आणि मला बोलावं लागलं असतं. कागद तसा गरीब, घाई करत नाही.

कर्जतला मेहुण्याकडे मन रमलं का? मोबाईलच्या काचा बदलतोस असं कळलं. चौतीस वर्षांची आपली ओळख आणि ही बातमी मला पानटपरीवर कळते. तुझ्या सुमैराची बारावीची परीक्षा सुरू झाली असेल. तिला म्हणावं, वैजूकाकाने विचारलंय. किंवा राहू दे, नको म्हणू.

आता कामाचं. आमच्या कान्हाई दूध संघाच्या संचालक मंडळाने मला अहवाल लिहायला लावलाय, ‘कार्यालयीन व घरगुती वापरासाठी संगणक प्रणालींची तुलना’. घरगुती कशाला, तर चेअरमन आप्पासाहेबांच्या घरीही एक कॉम्प्युटर आहे. मूळ दुखणं तुला माहीत आहेच. ऑक्टोबरात विंडोज टेनचं आयुष्य संपलं आणि आमच्या चौदा जुन्या मशिनांना अकरावं पेलवत नाही. म्हणजे एक तर चौदा नवी घ्या, नाहीतर जुन्यांवर तुझं लिनक्स टाका. नवी घ्यावीत, असं आप्पासाहेबांच्या भाच्याचं, करणचं, निःस्वार्थ मत आहे. करण कॉम्प्युटर विकतो. स्वतः तो सफरचंदवाला लॅपटॉप वापरतो आणि आम्हाला विंडोज सुचवतो. आचारी आपल्या पंगतीत जेवत नाही, त्यातला प्रकार.

तुलना मात्र मी प्रामाणिक केलीय. विंडोज सगळ्यांना येतं, निदान सगळ्यांना तसं वाटतं, आणि ऑफिसात तेवढं पुरतं. दूध मोजायच्या काट्याचा प्रोग्राम त्याच्यावरच चालतो. वीस वर्षांची मराठी पत्रं जुन्या फॉन्टात आहेत, तीही त्याच्यावरच सरळ दिसतात. लिनक्सवर उघडली की सभासदांच्या तक्रारी आणि संचालकांची भाषणं एकसारखी दिसतात. हा मी दोष धरलेला नाही. लिनक्स फुकट आहे, आणि फुकट म्हटलं की आमच्या मंडळाला दोन शंका येतात. पहिली, यात खोट असणार. दुसरी, मग यात आपलं काय.

घरच्या वापरासाठी मी शैलाची साक्ष काढली. सहा वर्षांपूर्वी तू आमचा भंगारात निघालेला लॅपटॉप लिनक्स टाकून उभा केलास, त्याच्यावर ती कीर्तनं ऐकते. तिला विचारलं, “यात विंडोज आहे की लिनक्स?”

ती म्हणाली, “यात शमशेरभाई आहेत. अडलं की त्यांना फोन करायचा.”

परवा अडलं. तिने फोन उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

अहवालही मी त्याच लॅपटॉपवर टाइप केलाय. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याचा शेवटचा परिच्छेद तुझ्यावर आहे. तो असा: ‘दि. १ ऑक्टोबर २०२५ रोजी लिनक्स प्रणाली बसवत असताना श्री. शमशेर शेख यांच्या निष्काळजीपणामुळे पशुवैद्यकीय विभागातील कृत्रिम रेतनाच्या अकरा महिन्यांच्या नोंदी नष्ट झाल्या. सबब, जिल्ह्यातील कोणत्याही सहकारी संस्थेने त्यांस काम देऊ नये.’ मजकूर आप्पासाहेबांचा, शुद्धलेखन माझं. परवा मंगळवारी बैठक आहे. तिथे मी वाचायचा, सही करायची, आणि मग हा कागद जिल्ह्यातल्या सगळ्या दूध संस्थांना जाणार. कर्जतलाही.

कर्जतवरून आठवलं. जानेवारीत तिथल्या एका डेअरीतून फोन आला होता, तुला ठेवावं का म्हणून. मीच उचलला. “माणूस कसा आहे?” मी म्हटलं, “माणूस चांगला आहे. कामाचं तुमचं तुम्ही बघा.” या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. अशी वाक्यं मला जमतात, म्हणून तर साप्ताहिकात माझं सदर चालतं.

सदराचंही सांगून टाकतो. ‘पेंग्विनने गिळलेल्या गाई’ तू वाचलं असणार. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन असतं हे मला तूच शिकवलंस आणि तेच मी तुझ्यावर चालवलं. लोक पोट धरून हसले. तुझ्या दुकानासमोरून जाताना पोरं ‘ए पेंग्विन’ म्हणून ओरडायची, हे मला फार नंतर कळलं. नंतर म्हणजे दुसऱ्या दिवशी.

नोंदी गेल्या म्हणजे काय गेलं, ते आता समजतंय. परवा गोरक्षनाथ आला होता, तोच, चार गाईंवर घर चालवणारा. म्हणाला, “सायेब, माझ्या कपिलेला मागल्या बारीला कोन्त्या वळूचं भरलं हुतं? तिच्या बापाचंच पुन्हा भरलं तर कालवड पांगळी निपजंल.” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी पंख्याकडे. जाताना तो म्हणाला, “शमशेरभाई असा निष्काळजी न्हाई. लाईटीनंच घात केला, दुसरं काय.”

मी म्हटलं, “हो ना. लाईट गेली होती.”

हे वाक्य मी आजवर किती जणांना सांगितलं, त्याची गणती नाही. सांगून सांगून त्याला चांगली झिलई आलीय.

दारात रतनबाई आलीय. उरलेलं मागाहून लिहितो.


मंगळवार, १७ फेब्रुवारी

शमशेर,

पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं.

रतनबाई म्हणजे आमच्या ऑफिसची झाडलोट करते ती, तुला चहात आलं जास्त टाकून द्यायची. शिवरात्रीचा प्रसाद घेऊन आली होती. प्रसाद दिला, पाणी प्यायली आणि उंबऱ्याशी उभीच राहिली.

“सायेब, मंगळवारी शमशेरभाईचं नाव वाचनार हाय म्हनं.”

“हो.”

“त्या दिशी लाईट न्हवती गेली. मी पंख्याखाली फुलं निवडत हुते.”

मी प्रसादाची वाटी उगाच झाकून ठेवली.

“मी कुनाला सांगायची न्हाई. तुमी लिवता चांगलं, म्हून इचारलं.” एवढं बोलून ती गेली. मला आजवर मिळालेलं सगळ्यात कडक परीक्षण ते.

तर ऐक. खंडेनवमीला सकाळी आठला तू पशुवैद्यकीय विभागातलं ते चौदावं मशीन नमुन्यादाखल कामाला लावलंस. डिस्कवरचा माल एका बाजूला सरकवून लिनक्सला जागा करत होतास. मध्येच बंद पडलं तर सगळं विस्कटेल म्हणालास, म्हणून घरचा यूपीएस खांद्यावर घेऊन आलास. सहा तास लागतील म्हणालास. पडद्यावर कागद चिकटवलास आणि सुमैराला क्लासहून आणायला गेलास.

अकराला आप्पासाहेब पूजेला आले. आपल्याकडे त्या दिवशी नांगर असो, टेम्पो असो, की स्टेपलर, ज्याच्यावर पोट चालतं ते पुसून जागेवर ठेवायचं आणि त्याला काम सांगायचं नाही. तेरा मशिनं हार घालून गप्प बसली होती. चौदावं घुरघुरत होतं. आप्पासाहेब ताट घेऊन त्याच्यापुढे थांबले आणि म्हणाले, “वैजनाथराव, चालत्या अवजाराची पूजा करायची का आता?” मागे सगळा स्टाफ उभा. कोणीतरी फिसकन हसलं.

तुझा कागद मी वाचला होता. रतनबाईनेही सांगितलं, “सायेब, त्यावर कायतरी लिवलंय.” मी कागद ओढून खिशात घातला आणि बटण दाबून धरलं. मशीन बंद व्हायला पाच सेकंद लागतात. पाच सेकंद कमी नसतात, शमशेर. बोट उचलायचं तर एक पुरतो.

दोनला तू आलास. मशीनला झेंडूचा हार, पडद्यावर हळदकुंकू. “वैजू, बंद कसं झालं?” आप्पासाहेब तिथेच प्रसादाचे पेढे खात होते. मी म्हटलं, “लाईट गेली होती.” तू म्हणालास, “यूपीएस होता की.” मी म्हटलं, “मग तोच गेला असेल.” तू तिथेच फरशीवर मांडी घालून यूपीएस उघडलास. बॅटरी मांडीवर घेऊन बराच वेळ बसलास. मग म्हणालास, “माझंच चुकलं. जुनी बॅटरी घेऊन आलो.” आणि मी काय केलं, तर तुझ्यासाठी चहा सांगितला.

आणखी एक. नोंदींची कॉपी घ्यायला हार्डडिस्क द्या, असा अर्ज तू १२ सप्टेंबरला दिला होतास. मी त्यावर ‘तीन कोटेशने मागवावीत’ असा शेरा मारून ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणून तुला आदल्या दिवाळीतल्या कॉपीवर भागवावं लागलं. म्हणून अकरा महिने गेले. पेंग्विन बिचारा बर्फावर उभा होता. गाई मी गिळल्या, आणि लोकांनी माझ्या तोंडाकडे बघू नये म्हणून सदर लिहिलं.

आज बैठक झाली. तुलना वाचून दाखवली: काट्याला आणि जुन्या पत्रांना दोन मशिनं विंडोजची घ्यावीत, उरलेल्या बारांवर लिनक्स टाकावं, घरी ज्याला जे दुरुस्त करणारं माणूस मिळेल ते वापरावं. करणचा चेहरा उतरला. शेवटच्या परिच्छेदाच्या जागी मी दुसरं पान काढलं. त्यावर चार ओळी होत्या. मशीन मी बंद केलं. कॉपीची डिस्क मी अडवली. लाईट गेली नव्हती. शमशेर शेख यांचा यात दोष नाही.

करणने हातातला मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला.

आप्पासाहेब म्हणाले, “वैजनाथराव, उपास बाधला का?” कोणी हसलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, “बंद करायला कुनी सांगितलं, असं उद्या कुनी विचारलं तर?”

“तर सांगावं लागेल.”

“निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत तुमची. कशाला उकरताय? तो माणूस तर कर्जतला गेला. जुनंच पान लावा, सही करा, विषय संपला.” त्यांनी माझं पान ओढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं.

मी म्हटलं, “जुन्या पानावर माझी सही होणार नाही.”

“मंग सही करनारा बदलू.”

तीन वाजता आदेश हातात पडला. सोमवारपासून मी भंडारदऱ्याच्या बाजूच्या शीतकरण केंद्रावर. हवा छान असते म्हणे, लोक पैसे देऊन जातात. शैला म्हणाली, “तिकडे जिना नसेल ना?” मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी फार आवाज करत घासली.

जुनं पान दुसऱ्या कोणाच्या सहीने निघेल की नाही, मला सांगता येत नाही. निघूही शकतं. पण आप्पासाहेबांनी कागद खिशात घातला, फाइल तुझ्या लिनक्सवर शाबूत आहे. तेच पान पुन्हा छापून, खाली पूर्ण नावाची सही करून, कर्जतच्या त्या डेअरीला आज स्पीड पोस्टाने पाठवलं. पावती सोबत आहे. या शुक्रवारचं सदरही तेच आहे. टोपणनाव काढायला सांगितलं, तर संपादक म्हणाले, “यात विनोद कुठाय?” मी म्हटलं, तो मागच्या वेळी झाला.

गोरक्षनाथाकडेही जाऊन आलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “बरं झालं सांगितलं,” आणि कपिलेला वैरण टाकायला उठून गेला. मला बस म्हणाला नाही.

तुझी माफी मागत नाही. अर्ज केला तर तूही तीन कोटेशनं मागवशील, आणि ते रास्तच होईल.

पाकिटात दोन कागद आहेत. एक तुझा सप्टेंबरचा अर्ज, माझ्या शेऱ्यासकट. दुसरा तो पडद्यावरचा, तुझ्या अक्षरातला: ‘काम चालू आहे, कृपया बंद करू नये.’ त्याला माझ्या बोटांचं कुंकू लागलंय. इतके दिवस तो ड्रॉवरमध्ये होता. फेकून द्यायची हिंमत झाली नाही, दाखवायचीही नाही. कर्जतला कोणी काही विचारलं, तर हे दोन्ही त्यांच्यापुढे ठेव. माझी भीड धरू नकोस, मी तुझी धरली नव्हती.

आणि तो यूपीएस तू भंगारात दिलास, असं कळलं. तुझी बॅटरी चांगली होती, शमशेर. मी बटण दाबल्यानंतरही त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. मी पाहिला होता.

ज्याने मशीन बंद केलं, तो
वैजनाथ