रिसीव्हर उचलू नकोस

आई,

बाबांच्या ऑफिसातलं कपाट रिकामं करायला गेलेय. यायला संध्याकाळ होईल.

कॉम्प्युटर चालू ठेवलाय. हात जोडते, रिसीव्हर उचलू नकोस. ‘फोन बंद पडला की काय, बघते’ म्हणत सकाळपासून तू तीनदा उचललास आणि तिन्ही वेळा माझी फाइल अर्ध्यात तुटली. फोन बंद नाही. त्याच तारेवरून मोडेम बोलतोय. मध्येच कुणी ‘हॅलो’ म्हटलं की त्याचं बोलणं तुटतं, मग सगळं पहिल्यापासून.

मोडेमच्या डब्यावर छप्पन्न लिहिलंय तर एवढा वेळ का, हे पुन्हा सांगते. ते छप्पन्न हजार बिट. आठ बिट मिळून एक अक्षर होतं, म्हणजे सेकंदाला सात हजार अक्षरं, आणि आपल्या जुनाट तारेवर त्यातली जेमतेम चार हजार पोचतात. मोठ्या फाइलला अख्खी दुपार जाते. दिवे लुकलुकतात ते बिघाडामुळे नाही, तेव्हा त्यांच्यावर फडकं टाकू नकोस. मावशीला एंगेज लागेल, लागू दे.

‘असं काय सोनं उतरवतेयस?’ म्हणालीस. सांगायचं टाळत होते. दादाला एक जुनी कॅसेट सापडली, तिच्यातला आवाज कॉम्प्युटरवर भरून त्याने तिकडून पाठवलाय. त्यात बाबा त्याच्या लेकीला गोष्ट सांगतायत, मध्येच विसरतात, आणि मागून तू त्यांना दटावून पुढचं सांगतेस.

फाइल उतरली तरी तशीच राहू दे. मी आल्यावर लावू. माझ्याने एकटीने ऐकवणार नाही.

तुझी धाकटी