छबूचे पांढरे कडे

नगर,
ता. ३ मार्च १९७३

चि. सौ. छबूस,

आठ महिन्यांनी का होईना, तुझ्याहून मोठी आहे, म्हणून आशीर्वाद. गोरक्षरावांना नमस्कार सांग. इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे या दुष्काळात माणूस जितका खुशाल राहू शकतो तितके. दादांचा खोकला तसाच. आईचं तोंडही तसंच, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

तुझी सगळी पत्रं मिळाली. प्रत्येकात एकच पालुपद. मुक्ते, निगेटिव्ह पोचल्या का? मुक्ते, छापल्यास का? मुक्ते, मार्चअखेरीला प्रदर्शन, तोवर फोटो हातात नाही आले तर माझी संधी गेली! अगं हो, पोचल्या. जानेवारीतच पोचल्या. त्यांचं काय झालं तेच सांगायला बसलेय, जरा दम धर.

तू लिहिलंस की तिकडे इंग्लंडात दुकानवाल्याने छापले तर समुद्रकाठचा तो खडूच्या दगडाचा कडा नुसता पांढरा फटक येतो, त्यात काहीच दिसत नाही, आणि ‘पांढरं फक्त तुलाच जमतं.’ आता हे लोणी लावणं असलं तरी खरं आहे. दादांनी लग्नांत कॅमेरा धरायचा आणि मी दुकानात आत अंधारात छापायचं, यातच माझी वर्षं गेली. धोतरं, टोप्या, फेटे! पांढऱ्यातली घडी दिसली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक विचारतं, आमचा नवरदेव काय धुक्यात उभा केला होता का म्हणून.

पाकीट फोडलं आणि निगेटिव्ह उजेडापुढे धरल्या. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं, त्यामुळे तुझे ते खडूचे कडे काळेकुळकुळीत. म्हटलं, बया एवढी विमानात बसून गेली आणि फोटो काढले ते आपल्या हरिश्चंद्रगडाचे! खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या दिवशी तेवढ्यावरच पाकीट बंद करून फळीवर टाकलं.

मग पाण्याचं निमित्त झालं. निमित्त म्हणते, पण पाणी खरंच नाही गं. टँकर येतो तेव्हा सगळी गल्ली हंडे घेऊन धावते, आणि फोटो छापला की तो धुवायलाच किती पाणी लागतं ते तू विसरली नसशील. एकदा मी घागर आत न्यायला लागले तर आई दारात आडवी. “मान्सांना प्यायला न्हाई, आन् फोटूंना कशाला गं आंगूळ?”

मी म्हटलं, “छबूचे आहेत.”

“छबीचे हायेत व्हय? मंग आदी न्हाई का सांगायचं!” असं म्हणून तिने स्वतःचा भरलेला हंडा आणून ठेवला. आणि मी केस धुवायला तांब्याभर पाणी जास्त घेतलं की हीच बाई शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडते. मी तिच्या पोटची, तू पुतणी. पण हंडा तुझ्या फोटोंना!

तो हंडा तसाच राहिला. संध्याकाळी त्याच पाण्यात डाळ शिजली. म्हणजे कारण पाणी नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी तुझ्यावर जळते, छबू. झालं, लिहून टाकलं. आता पुढचं लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण जात नाहीये.

तुला माहीत नाही, दुकानाच्या दर्शनी कपाटात दादांनी अजून तुझाच फोटो लावून ठेवलाय. तोच, इंग्लंडला पाठवलेला. येणारी प्रत्येक लग्नाची पोरगी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणते, “मला हिच्यावानी काढा.” आणि काच पुसायची कोणी? मी.

तो फोटो कसा निघाला ते आठव. पुणतांब्याच्या साळूआत्यांनी गोरक्षरावांचं स्थळ आणलं ते माझ्यासाठी. तुझं नाव कोणाच्या तोंडीही नव्हतं. मुलगा तिकडे, म्हणून फोटो हवा. दादा खर्ड्याला एका लग्नाचे फोटो काढायला गेलेले, आत्यांना घाई, म्हणून तू माझा फोटो काढायचं ठरलं. मग तू म्हणालीस, माझाही काढ ना गं, गंमत म्हणून. मी तुला खिडकीशी बसवलं, मान जराशी वळवली, उजेड गालावर घेतला. नंतर बसून पेन्सिलीने हनुवटीवरचा तुझा व्रणसुद्धा घालवला. आणि तू माझा काढलास तो खिदळत. त्यात मी अशी दिसते की जणू चोरीची वर्दी द्यायला चौकीवर आलेय.

आत्यांनी दोन्ही उचलले. “असू दे, एकाला दोन बरे,” म्हणाल्या. इंग्लंडहून उत्तर आलं, दुसरी मुलगी पसंत आहे.  तिसऱ्या दिवशी दादा म्हणाले, “फोटो मात्र झकास काढलास हो मुक्ते,” आणि मोठा करून कपाटात लावला. त्यांच्या मते ती लेकीची समजूत घालणं होतं!

तुझा यात काही दोष नाही, हे मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त राग येतो. दोष असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुझ्या लग्नात तुझ्या हातावर मेंदी मीच काढली. सगळे म्हणाले, मुक्ताचं मन मोठं. कसलं मोठं आणि कसलं काय! मनाशी म्हणत होते, मला तो माणूस नकोच होता, मला फक्त ते पलीकडचं सगळं बघायचं होतं. हेही खोटंच. माणूसही हवा होता.

बरं, संसार तुझा, तो तुझ्याकडे. पण कॅमेरा? तो तरी माझा होता ना गं? कॅमेऱ्याला डोळा कुठे लावायचा हेही तुला माहीत नव्हतं. आणि आता तू लिहितेस की गोरक्षराव सुट्टीच्या दिवशी गाडीतून नेतात आणि तू कड्याच्या टोकावर पोटावर झोपून फोटो काढतेस. इथे मी कॅमेरा घेऊन माळीवाड्याच्या वेशीपर्यंत एकटी गेले तरी दादांना चारजण विचारतील.

परवा अखेर छापायला बसले. आधी काय केलं ते सांगते. कड्याचा फोटो मुद्दाम वाईट छापला. कडा पांढरा फटक, तिथल्या दुकानदाराने छापला होता अगदी तसा. म्हटलं, असेच सगळे पाठवावेत. कोणाला कळणार? तूही म्हणशील, बिचारीला पाणी पुरलं नसेल. त्या ओल्या कागदाकडे पाहत उभी राहिले. तो कडा नव्हताच, दोरीवर वाळत घातलेलं धोतर होतं. मला बघवेना. फाडून टाकला.

दुसरा कागद घातला आणि बाकीच्यावर हाताने सावली धरत, कड्याला थांबत थांबत जास्त उजेड दिला. ट्रेमध्ये आधी भेगा आल्या, मग थरावर थर, मग पक्ष्यांच्या घरट्यांची भोकं, आणि खाली समुद्र. छबू, मी समुद्र आजवर पाहिलेला नाही. पाहिला तो परवा, वीतभर पाण्यात. मग तुझ्या त्या कड्यावरच्या रानाचा फोटो छापला. वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली झाडं, जमिनीवर सांडलेलं ऊन, आणि बुंध्यांमधून मागे पुन्हा तेच पाणी चकाकतंय. मी तिथे असते तर दोन पावलं डावीकडे सरकले असते. पण तू काढलायस तोही वाईट नाही. चांगला आहे. फार चांगला आहे, मेले! मी रडले. आई बाहेरून विचारत होती, “काय गं, पानी सांडलं का?”

दादा आत आले, ओला फोटो हातात घेऊन म्हणाले, “वा! छबीचा हात बसला की गं.” छबीचा हात! मी म्हटलं, “हो, बसला.” दुसरं काय म्हणणार?

म्हणून आता एक ऐक. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे मी पेन्सिलीने इंग्रजीत दोन नावं घातलीत. काढणारी तू, छापणारी मी. प्रदर्शनात तुझ्या नावाखाली माझं नाव लागलं पाहिजे. बक्षीस मिळो न मिळो, लागलंच पाहिजे. नियमात बसत नाही वगैरे मला कळवू नकोस. नाही लावलंस तर यापुढे तुझा एकही कागद मी पाण्यात घालणार नाही. हे मी थट्टेने लिहीत नाहीये.

एवढं वाचून तुझा जीव टांगणीला लागला असेल, आता ही बया फोटो पाठवते की नाही. पाठवले. सगळे, चांगलेच छापलेले. सकाळी पोस्ट उघडल्याबरोबर जाऊन पार्सल टाकून आले आणि मगच हे पत्र लिहायला बसले. आधी पत्र लिहिलं असतं, छबू, तर ते पार्सल गेलं नसतं.

तुझ्यावर मनापासून जळणारी,
तरीही तुझीच,
मुक्ता