पाहुण्याचा वाटा मला नको

मी, गुणाजी पुंडलिक कोरगांवकर, वय अडुसष्ट, प्राथमिक शाळेचा निवृत्त शिक्षक, जन्म कोरगांव, पेडणे महाल, गोवे, हल्ली राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, माझ्या मागे माझ्या घराचे व चीजवस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. दम्याने छाती भरते, पण डोके साफ आहे. ज्याला शंका असेल त्याने ओटीवर यावे आणि दुसरीपासून सातवीपर्यंतच्या कोणत्याही पुस्तकातल्या कोणत्याही कवितेचे कडवे विचारावे. अडखळलो तर हा कागद फाडावा. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. आपण गेलो की गाव बघून घेईल, अशा समजुतीत होतो. गाव टपून बसले आहे हे उशिरा कळले.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, ओटी, मागचा गोठा, परसातला रायवळ आंबा आणि सिद्धगडाच्या बाजूला उघडणारी खिडकी, हे सर्व ठकू भ्रतार बुध्या, राहणार ठाकूरवाडी, हिला द्यावे. खिडकी मुद्दाम वेगळी लिहिली आहे. घराची किंमत तिच्यातच आहे.

ठकू माझ्या पोटची नाही, जातीची नाही आणि कायद्याने दत्तकही नाही. तापाच्या साथीत तिचे आईबाप गेले, तेव्हा माझी बायको यमू हिने तिला कडेवर घेऊन या घरात आणली. यमू गेल्यावर चूल ठकूनेच पेटती ठेवली. सत्तेचाळीस साली कोरगांवला आई अंथरुणाला खिळली म्हणून मी गेलो, तो पाच वर्षे तिकडेच अडकलो. तेवढ्यात इकडे देशाची घटना लागू झाली. त्या वेळी जे इथे होते ते नागरिक झाले. मी आईच्या उशाशी होतो, म्हणून परका झालो. परतलो तेव्हा माझ्या खिशात पोर्तुगीज शिक्क्याचा कागद होता. दारात ठकू उभी होती. म्हणाली, “बाबा, पार वाळून गेलंत तुमी. आदी जेवा, मंग काय ते सांगा.” कागद विचारला नाही अशी ती एकटीच.

हे घर तिला मिळते की नाही, एवढाच प्रश्न आहे. खालची सगळी कलमे त्याच्यासाठी लिहिली आहेत.

कलम २. सरपंच लडकू धोंडी देसले याला माझी शिसवी छडी द्यावी. शाळेत तिची त्याच्या पाठीशी नीट ओळख झाली नव्हती, ती आता व्हावी.

या माणसाला मी मुळाक्षरे गिरवायला शिकवली. त्याचा आवाज चांगला होता. कवितेच्या पहिल्या ओळीला बाकी पोरे ओरडत आणि हा गात असे. मी डोळे मिटून टेबलावर ताल धरीत असे आणि मला वाटे, वैशाखऱ्यातून एक कवी निघणार. निघाला तो सरपंच.

मी पहिल्यांदा आलो त्या काळी शाळेत मास्तर टिकत नसे. म्हणून गावाने मला ही जागा बसायला दिली व घर मी बांधले. गावाचा रिवाज असा आहे की, पाहुण्याला दिलेली जागा पाहुणा गेला की गावाकडे परत येते. गावकऱ्याची असली तर त्याच्या माणसांकडे जाते. लडकूच्या मते मी पाहुणा. एकदा माझ्याच ओटीवर बसून, ठकूने केलेला चहा बशीत ओतून, मला म्हणाला,

“मास्तर, घाई नाय आपल्याला. तुमी हाव तवर खुशाल ऱ्हावा. मागनं इथं पंचायतीचं हापीस काडू. तुमचा फोटू लावू की भितीवर, हार घालू!”

“आणि ठकू?”

“तिला तिची वाडी हाय ना.”

ठकू आत उभी राहून ऐकत होती. बशी तिने लडकूच्या हातातून काढून घेतली, चहा अर्धा असताना.

सबब, माझा फोटो कोणी कुठे लावू नये. एकच होता, तो मी चुलीत घातला आहे.

कलम ३. तिसरीचे मराठी क्रमिक पुस्तक, पुठ्ठा निघालेले, त्या साहेबांना द्यावे ज्यांनी माझी मराठीची परीक्षा घेतली. नाव लिहीत नाही, त्यांना मुलेबाळे आहेत.

सत्तावन्न साली मी भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. परक्या माणसाला इथली एक भाषा येते असे सिद्ध करावे लागते. या तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांना ती भाषा मी शिकवली होती. तरी गेलो, बाकावर बसलो, बोलावल्यावर उभा राहिलो. साहेबांनी हे पुस्तक पुढे केले. नेमके कवितेचे पान उघडले गेले. आता कविता समोर आल्यावर माणूस करणार काय? मी चालीवर म्हटली. साहेब म्हणाले, “गाऊ नका, वाचा.” मी म्हटले, “साहेब, ही साकी आहे. वाचली तर मरेल.” ते म्हणाले, “मरू द्या.” मी वाचली. मेली. त्यांनी शेरा लिहिला, ‘भाषा समाधानकारक’.

त्यानंतर वर्तमानपत्रात माझ्या नावाची जाहीर नोटीस छापावी लागली, ज्या कोणास हरकत असेल त्याने कळवावे म्हणून. पेपरात आपले नाव पहिल्यांदा छापून यावे ते कवितेखाली, अशी माझी लहानपणापासूनची इच्छा होती. हरकत एकच आली. मी ती पाहिली. अक्षर टपोरे, वळणदार, काना सरळ. मीच गिरवून घेतलेले.

कलम ४. माझे घोंगडे, तांब्याचा बंब आणि परसातल्या आंब्याची दर मोसमातली पहिली पाटी म्हादू भगताला द्यावी. त्याच्यावर माझा राग आहे, तो त्याला देऊ नये. तो मी बरोबर नेईन.

म्हादू आमच्या गावदेवीचा भगत. वर्षातून एकदा देवीला बोकड पडतो. प्रत्येक चुलीमागे तांदूळ आणि राबणूक गोळा होते आणि मग मटणाचे वाटे पळसाच्या पानांवर मांडतात, एका चुलीला एक. पण त्या सगळ्यांच्या आधी एक पान मांडतात, पाहुण्याचे. त्यावर काळीज ठेवतात. मी आलो त्या वर्षापासून ते पान माझे. माझ्याकडून तांदूळ कधी कोणी मागितले नाहीत. म्हादू दोन्ही हातांनी पान उचलून माझ्यासमोर धरी. मागे टेंभे जळत, ढोल थांबलेला असे, वरच्या रानातून थंड वारा येई, आणि माझ्या मनात आपसूक एखादी ओवी सुरू होई. आपल्याला या गावात काय मान आहे, असे वाटे. मीही गोव्याचा माणूस, काळीज आवडीने खाल्ले.

अर्जाच्या चौकशीला फौजदार आले. चावडीत सगळे गाव जमले. त्यांनी विचारले, “हे गृहस्थ तुमच्या गावचे समजायचे का?”

लडकूला बोलायची गरजच नव्हती. म्हादू उठला. मोठ्या अभिमानाने उठला.

“नाय जी! आमच्या गावचे कसे? मास्तर आमचे पाहुने हायेत. देवीचा पैला वाटा त्यांचा. आमच्या बापजाद्यांनी पन कंदी त्यांच्याआदी घास घेतला नाय.”

“म्हणजे गावकरी मानत नाही तुम्ही त्यांना?”

“गावकरी?” म्हादू दुखावलाच. “मास्तरांना? साहेब, असं हलकं बोलू नका.”

सगळ्या गावाने माना डोलावल्या. तेव्हा कुठे लडकू म्हणाला, “लिवून घ्या साहेब. समद्या गावाचं सांगनं हाय.” फौजदारांनी लिहून घेतले. पुढे दिल्लीहून नकार आला. स्थानिक लोक अर्जदारास पाहुणा मानतात, त्याचे येथील वास्तव्य कायमचे दिसत नाही. माझा इतका गौरव आणि इतका घात एकाच तोंडाने दुसऱ्या कोणी केलेला नाही.

मी नकार वाचून दाखवला तेव्हा म्हादू चकित झाला. “पन मी तर चांगलंच सांगलं ना, मास्तर?”

कलम ५. सरकारला मी काहीही ठेवीत नाही.

एकसष्ट साली फौजा गोव्यात गेल्या. दुसऱ्या वर्षी हुकूम निघाला की, तिथे जन्मलेले सगळे भारताचे नागरिक. अर्ज नको, परीक्षा नको, फौजदार नको. मी इथे ओटीवर खोकत बसलो होतो आणि तिकडे कोरगांवच्या माडांबरोबर माझेही नाव निकालात निघाले. मुरबाडच्या एस.टी. थांब्यावर एक जुना विद्यार्थी हसत म्हणाला, “गुरुजी, अभिनंदन! घाऊक मालात आलात!” त्याला वाटले, मी हसेन. दारात उभे राहून मागितले तेव्हा दिले नाही; मग पोत्यात भरून आणून टाकले. घेतले मी. ठकूसाठी घेतले. तो हुकूम घेऊन लडकूकडे गेलो.

त्याने तो उलटसुलट पाहिला. “लई चांगलं झालं, मास्तर. भारताचे झाले तुमी. पन वैशाखऱ्याचे कुटं झाले?”

यावर उत्तर दिल्लीकडे नाही. म्हणून म्हादूकडे गेलो. म्हटले, “यंदा माझ्याकडून तांदूळ घे. पहिले पान नको. शेवटच्या चुलीनंतर माझ्या चुलीचे पान मांड.” त्याने कानावर हात ठेवले. “माज्या हातानी तुमाला शेवटचा वाटा? हात झडंल माजा.” देवीच्या दिवशी मी ओळीच्या शेवटी जाऊन बसलो. तो तिथवर काळजाचे पान घेऊन आला. मी घेतले नाही. त्या वर्षी गाव फार उशिरा जेवले. पाहुण्याआधी कोणी घास घेईना. शेवटी पोरे रडायला लागली म्हणून मी खाल्ले. हाच आमचा तंटा, आणि तो आजही तसाच आहे.

कलम ६. कवितांची पुस्तके शाळेला देऊ नयेत. शाळेत हल्ली कविता गात नाहीत, तिचा अर्थ सांगतात. ती ठकूकडे राहावीत. तिला वाचता येत नाही, पण भाताच्या लावणीत ती सगळ्या म्हणते, शब्द चुकीचे आणि चाल बरोबर. उलट असते तर दिली नसती.

कलम ७. माझा देह. हे कलम चावडीत मोठ्याने वाचावे आणि लडकूला पुढे बसवावे.

या गावात पाहुणा मेला तर त्याला गावचा अग्नी देत नाहीत. त्याला अग्नी देण्याचा हक्क त्याच्या गावच्या माणसांचा असतो, म्हणून त्याला त्याच्या गावी पोचवतात. जुन्नरकडचा एक कासार म्हादूच्या पडवीत वारला, तेव्हा गावाने त्याला खांद्यावर घेऊन माळशेज चढून नेला होता. मी तेव्हा त्यावर कविताही केली होती.

तरी गावाने दोहोंपैकी एक निवडावे. मी पाहुणा असेन, तर मला कोरगांवला पोचवावे. एस.टी.त मढे घेत नाहीत, तेव्हा खांद्यावरून. पुढचा उजवा खांदा सरपंचांचा. तिथे पोचवून परत आल्यावर घर खुशाल घ्यावे, माझी हरकत नाही. आणि नदीकाठी, जिथे तुमचे बाप जळले तिथे, मला गावचा अग्नी दिला, तर त्याच क्षणी वैशाखऱ्याचा एक गावकरी जळाला असे समजावे. मग घर त्याच्या माणसाचे, म्हणजे ठकूचे. अग्नी तिच्या चुलीतला घ्यावा. तिसरी वाट नाही.

मरण भर पावसाळ्यात यावे, अशी माझी इच्छा आहे. खांदेकऱ्यांना विचार करायला चिखल भरपूर मिळेल.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, बरोबर आहे. रागाचा एकही शब्द कमी करायचा नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व त्यांनी माझ्यासमोर आपल्या निशाण्या केल्या.

गुणाजी पुंडलिक कोरगांवकर
वैशाखरे, ता. मुरबाड. ११ फेब्रुवारी १९६५

साक्षीदार:
१. मंगळू बारकू घुडे, टपाल वाटणारा. सही.
२. म्हादू भगत, वैशाखरे. डाव्या हाताचा अंगठा.

(कलम सात म्हादूला दोनदा वाचून दाखवले. बराच वेळ अंगठ्याची शाई धोतराला पुसत बसला. मग म्हणाला, “लई लांब हाय, मास्तर, तुमचा गाव. आमी नाय उचलनार.” त्याच्या सांगण्यावरून हे लिहिले. गु. पुं. को.)