कोरडी बाजू

१४ मे

डॉ. तेजस्विनींनी आजही मानेवरून, काखेतून बोटं फिरवली. गाठी होत्या तेवढ्याच. "छान!" म्हणाल्या आणि मी या वयात सुखावले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा रिपोर्ट कार्डवर लाल शाईने 'व्हेरी गुड' लिहायच्या, तशी.

माझा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, संथ जातीचा. अजून औषध नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. पण अशा संथ गाठींपैकी काही कधीतरी बदलतात, जोरात वाढू लागतात. कुणाच्या बदलतील हे आधी ओळखता येईल का, यावर अभ्यास चाललाय. माझ्या बायोप्सीचा जुना तुकडा त्यासाठी पाठवू का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं.

निघताना म्हणाल्या, "काकू, ताप आला, वजन उतरलं, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम आला, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. लगेच फोन करा."

मान डोलावली.

२ जून

सिद्धेशचा चेन्नईहून मेसेज – 'ऑल ओके?' मी नेहमीसारखा अंगठा पाठवला. आईच्या गळ्यात साधी गाठ आहे, एवढंच त्याला ठाऊक. खरं कळलं तर मला उचलून नेईल. मग हे घर बंद! हे गेले, तरी ह्यांचा कंपनीत न्यायचा डबा अजून ओट्यावर आहे.

१९ ऑगस्ट

निकाल आला. गाठ बदलण्याची शक्यता कमी. "हा अंदाज आहे, हमी नाही," असं डॉक्टर दोनदा म्हणाल्या. मी 'कमी' तेवढंच ऐकलं. पास!

येताना पेढे घेतले. एकटीला किती लागणार? निम्मे शालनबाईंना दिले. त्या तळमजल्यावर राहतात, आमची ही चऱ्होलीची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. कशाचे पेढे, विचारलं. सहजच, म्हटलं.

३ ऑक्टोबर

पहाटे जाग आली तर गाऊन पाठीला चिकटलेला. चादर ओली. ऑक्टोबरचा उकाडा, दुसरं काय! सरकून ह्यांच्या बाजूला झोपले. ती कोरडी होती.

ह्यांची चाकणला तिसरी शिफ्ट असायची, तेव्हाही मी अशीच सरकायचे. उशीला मशीनच्या तेलाचा वास. सकाळी येऊन म्हणायचे, "बाईसाहेब, आमची जागा सोडा आता."

आता कुणी उठवत नाही.

२१ ऑक्टोबर

पुन्हा.

१२ नोव्हेंबर

तपासणी. वजन थोडं उतरलंय. हल्ली चालायला जाते, म्हटलं. जात नाही.

"रात्री घाम?"

"नाही."

किती सहज निघालं तोंडातून! 'नो फस, गर्ल्स,' उगाच बाऊ नको, असं सिस्टर म्हणायच्या. डॉक्टर "छान" म्हणाल्या. या वेळी सुखावले नाही.

४ डिसेंबर

शालनबाई वर आल्या. खालून त्यांना माझी गॅलरी दिसते.

"ताई, रोजच्याला चादर वाळत घालताय. आमच्या नातीच्या पोरानंबी इतक्या भिजवल्या न्हाईत!"

मी हसले. त्याही हसल्या, मग थांबल्या. माझा हात धरून वर केला, तर घड्याळ घरंगळत कोपराशी गेलं.

"कायतरी हाय तुमाला. पोराला सांगितलं का?"

फॅन बिघडलाय, म्हटलं आणि दार लावून घेतलं. वाईट वागले.

डिसेंबरात फॅन!

२० डिसेंबर

लोक शेकोट्या पेटवतायत. मी चादरी आता बाथरूममध्येच वाळवते. मानेची डावी गाठ हाताला मोठी लागते. पुनःपुन्हा चाचपते. हे असते तर झोपेतच म्हणाले असते – अगं, भिजलीयेस किती! एवढं म्हणणारं कुणी हवं होतं.

अंदाज चांगला आला होता ना? मग?

६ जानेवारी

आधी माझी बाजू भिजली. सरकले. मग ह्यांचीही भिजली. आता सरकायला जागा नाही.

उजाडल्यावर डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. आजच बोलावलंय. खाली जाऊन शालनबाईंनाही सांगितलं; त्या चपला घालून दारात उभ्या आहेत, बरोबर येतायत.

मग सिद्धेशला मेसेज नाही, फोन केला. "आई? एवढ्या सकाळी? ऑल ओके?"

"नाही रे, बाळा," म्हटलं.