ताईच्या गळ्यात आत्या

तीर्थरूप आत्यास, लांबूनच पाय धरतो. (जवळ असतो तर तू ते आखडून घेतले असतेस.) गुडघा काय म्हणतो? नवा चष्मा केलास की अजून काकांचाच नाकावर चढवतेस? मी ठणठणीत. स्टुडिओत दिवे उचलतो, अंगाची लाकडं होतात, पण इथे कुणी पाढे विचारत नाही, त्यामुळे मन रमलंय.

आता ताईचं ऐक. लहानपणी ती सिनेमात बाहुली झाली आणि घराघरात पोचली. पण तोंड तिचं आणि गळा तुझा, हे घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक? तिचा आवाज तेव्हाही घोगरा. दिग्दर्शक डोकं धरून बसलेला, आणि तू सोबतीला गेलेली, कोपऱ्यात मटार सोलता सोलता पोरीच्या आवाजात गाऊन मोकळी झालीस. (चांगली दोन लेकरांची आई असताना!) तेव्हापासून तो आवाज ताईच्या मानगुटीवर बसलाय. ती दाराच्या चौकटीला टेकेल एवढी उंच झाली, तरी लोक गालगुच्चे घेतात, बाहुले, तसं गा ना म्हणतात. स्वतःच्या आवाजात गायली तर विचारतात, सर्दी झालीय का. पण ती हटली नाही. हॉटेलात गायली, दुकानांच्या उद्घाटनांना गायली, आणि तो घोगरा गळा असा कमावला की ऐकणारा हातातला घास विसरतो.

परवा एका निर्मात्याने तिला आमच्याच स्टुडिओत बोलावलं. नायिकेचं काम, तेही गाणाऱ्या बाईचं. ताई गायली. निर्माता उठला तो थेट पडद्यामागे, खरं कोण गातंय बघायला. तिथे मी दिवा धरून उभा. धरलं ना माझं बखोट! लबाडा, तू गातोस होय? गा बघू! नोकरीचा प्रश्न, गायलो. पीत असलेला चहा त्याच्या नाकातून आला, तेव्हा कुठे पटलं की आवाज ताईचाच. मग बाहुलीचा कुणाचा होता? ताईने न लपवता सांगितलं, माझ्या आत्याचा. म्हणाला, काम तुझं पक्कं, पण गाणी आत्याच्या गळ्यातून. ताई म्हणाली, मग कामही नको. महिनाअखेरीला परत येते, याच गळ्याने गाते, तेव्हा काय ते ठरवा. आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं.

काकांना नमस्कार, धाकट्यांना एकेक धपाटा.

तुझा दिवेवाला भाचा

ता. क. खरं काम आता लिहितो. निर्मात्याचा माणूस गाडी घेऊन तुला न्यायला येतोय. आत्या, नाही म्हण. घसा बसलाय म्हण, दात पडलेत म्हण. (काकांना विचारते, असं मात्र म्हणू नकोस. काका आधी गाडीत बसतील.)

दुसरा ता. क. ताईने पत्र वाचून माझा कान पिळला. म्हणते, आत्याला अडवणारा तू कोण? तिने यावंच. आधी ती गाईल, मग मी, एकाच माइकवर, सगळ्यांसमोर. तिच्यापुढे गायल्याशिवाय ती माझ्या गळ्यातून उतरायची नाही. तू सरस ठरलीस तर ताई सिनेमाचं नाव काढणार नाही. आणि बजावलंय, मुद्दाम वाईट गाशील तर जन्मात बोलणार नाही.

पाकीट चिकटवल्यावर बाहेरून लिहितोय, ताईला दाखवू नकोस: आत्या, मधे एकदा तरी खोकशील का?